जांभळी ताटली

१

सोमवारी सकाळी साडेआठला बाळकृष्ण तारेंचा फोन आला, तेव्हा मी मल्हारगंजातल्या माझ्या स्वयंपाकघरात पोह्यांवर शेव पेरत होते.

"सुहास, सगळं मेलं," ते म्हणाले. "एक पण जिवंत नाही."

मला वाटलं, मंजुषा गेली.

मंजुषा म्हणजे त्यांची बायको आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण. बाळकृष्णांच्याच फार्मसी कॉलेजात बावीस वर्षं वनौषधी शिकवून ती वर्षापूर्वी आजारपणामुळे घरी बसली. स्तनाचा कॅन्सर. किमोचे सहा डोस ठरले होते. दोन झाले आणि तिसऱ्याला ती गेलीच नाही. त्याऐवजी नवऱ्याने लॅबमध्ये काढलेला भुईआवळ्याचा अर्क ती सकाळ-संध्याकाळ घेत होती. त्याला अकरा आठवडे झाले होते. या अकरा आठवड्यांत मी तिच्याशी तीनदा भांडले, दोनदा रडले आणि एकदा फोन आपटला. तिच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की अजून वेळ गेलेली नाही, पण जाणारा प्रत्येक आठवडा महाग पडतोय.

"मंजू?" मी कसंबसं विचारलं.

"मंजू ठीक आहे. लॅबमधल्या पेशी मेल्या यार. कोणीतरी मारून टाकल्या. आणि तन्वीची प्रयोगाची वही पण गायब आहे. तिनेच केलंय. आज चार वाजता मी डायरेक्टरना लेखी देऊन राहिलो आहे, तिचं पीएचडी कॅन्सल. तू फक्त विष कोणतं ते सांग."

मी तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत विषं ओळखली. मेलेल्या माणसांच्या पोटात काय होतं ते सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. बशीतल्या पेशींसाठी मी रिक्षा केली नसती. पण अकरा आठवडे बाळकृष्णांनी मला त्या लॅबची पायरी चढू दिली नव्हती. कोणत्या पुराव्यावर माझी मैत्रीण औषध सोडून बसली आहे ते मला बघायचं होतं. पोहे तसेच टाकून मी निघाले.

२

भंवरकुआंच्या पुढे कोचिंगच्या पाट्या विरळ होतात, तिथे ते कॉलेज आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये शिरले आणि ओल्या पाचोळ्यासारखा कडवट वास नाकात बसला.

बाळकृष्णांनी दाढी केलेली नव्हती. शेजारी नचिकेत मायक्रोस्कोपपाशी बसला होता. दोन वर्षांपूर्वी नाशिकहून आलेला हा तरुण प्राध्यापक. त्याचे डोळे लाल दिसले.

"माझ्याही गेल्या, मॅडम," तो म्हणाला. "दोन वर्षं वाढवल्या होत्या. रविवारी तन्वी माझ्या फ्लास्कनाही मीडियम देते. एकाच बाटलीतून."

मीडियम म्हणजे पेशींचं अन्न, गुलाबी सरबतासारखं. ती बाटली टेबलावर एकटीच ठेवलेली होती आणि दोघांपैकी कोणी तिच्याजवळ जात नव्हतं.

बाळकृष्णांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. छोट्या छोट्या खळग्यांची प्लॅस्टिकची ताटली.

"हे बघ. खळग्यांत पेशी असतात. पेरॉक्साईडने त्यांना मारायला बघायचं, आणि अर्क वाचवतो का ते तपासायचं. शेवटी पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी त्याला जांभळा करते, मेलेली नाही करत. सिंपल. हा फोटो तन्वीने काल, रविवारी, चार वाजता ग्रुपवर टाकला."

फोटोत डावीकडच्या दोन रांगा फिकट पिवळ्या होत्या. पुढे उजवीकडे जांभळा रंग गडद होत गेला होता. नचिकेतने बोट ठेवून सांगितलं: पहिली रांग नुसत्या पेशींची, दुसरी पेशी आणि पेरॉक्साईडची, तिसरीपासून पुढे त्यात वाढता अर्क.

"जांभळा बघितलास ना?" बाळकृष्णांनी विचारलं. "यावर माझी मंजू जगून राहिली आहे."

मग त्यांनी तन्वीवरचा आरोप मांडला, आणि मला कबूल केलं पाहिजे की तो मला पक्का वाटला. शनिवारी दुपारी नचिकेतने या बाटलीतून ताटलीला मीडियम दिलं. रविवारी ताटली जिवंत, म्हणजे शनिवारी बाटली चांगली होती. रविवारी सकाळी तन्वीने त्याच बाटलीतून फ्लास्क भरले आणि सोमवारी सगळे फ्लास्क मेले. म्हणजे विष मधल्या वेळात पडलं. रविवारी लॅबमध्ये तन्वीशिवाय कोणी आलं नव्हतं. चौकीदार हरीचं रजिस्टर तसं सांगत होतं. बाळकृष्ण तर शनिवार सकाळपासून गौतमपुऱ्याला, शेतांच्या बांधांवरून भुईआवळा गोळा करायला गेले होते.

मी सोबत आणलेली रसायनांची जुनी पेटी उघडली. बाटलीतले चार थेंब परीक्षानळीत घेतले आणि त्यात फेरिक क्लोराईड सोडलं. नळी ताज्या रक्तासारखी लाल झाली.

"सोडियम अझाईड," मी म्हणाले. "मिठासारखं दिसतं. द्रावणं नासू नयेत म्हणून लॅबमध्ये ठेवतात. पेशींचा श्वास बंद करतं. कुठे ठेवता तुम्ही?"

नचिकेतने कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे बघितलं. "पण मॅडम, त्याला कुलूप आहे. किल्ली हरवून वर्ष झालं. आम्ही ते उघडतच नाही."

मी जाऊन कपाटाचं हँडल ओढलं. कुलूप नुसतं अडकवलेलं होतं. त्यावर एकही ओरखडा नव्हता.

३

सफाई करणाऱ्या बेबीताईला मी गच्चीच्या जिन्यात गाठलं. ती दोन्ही हातांत फडकं पिळत होती.

"मॅडमजी, मी काही नाही केलं. मला तर कोणती बाटली कशाची ते पण नाही कळत, सगळं इंग्लिशमध्ये."

"वही शेवटची कधी बघितलीस?"

"शुक्रवारी दुपारी शेल्फवर होती. शनिवारी सकाळी सात वाजता मी शेल्फ पुसून राहिले होते, तेव्हा नव्हती. मला वाटलं, तन्वी दीदीने देवासला नेली. शुक्रवारी बाराच्या बसने गेली ना ती, घरी सगाई होती."

"आणि बाकीचे?"

"सर आणि नचिकेत भिया शुक्रवारी उज्जैनला, परीक्षा घ्यायला. रात्री आले, ते पण सीधे घरी. शनिवारी नचिकेत भिया दहाला आले." ती थांबली. "बाहेरचं कोणी नाही आलं. कसम से."

तन्वी खाली पार्किंगमध्ये एका स्कूटरवर बसली होती. सत्तावीस-अठ्ठावीसची, सडपातळ मुलगी. चार वाजता तिच्या पाच वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडणार होतं आणि ती रडत नव्हती. मला ते चांगलं लक्षण वाटलं नाही. जे रडत नाहीत त्यांनी काहीतरी ठरवलेलं असतं.

"तुझ्या वहीत काय होतं?"

"डेटा."

"कोणता?"

"मॅम, मी प्रॉमिस केलंय. नाही सांगू शकत."

"अगं, तुझं करिअर जातंय."

"पता आहे मला." तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मी काल तो फोटो ग्रुपवर टाकला ना, मॅम, तर मुद्दाम टाकला. मला वाटलं, कोणीतरी नीट बघेल. चार जणं आहेत ग्रुपवर. सगळ्यांनी अंगठा टाकला. कोणी नाही बघितलं."

"कोण चार?"

"मी, सर, नचिकेत सर." ती उठून उभी राहिली. चौथं नाव तिने घेतलं नाही.

४

मी वर येऊन नचिकेतचा मोबाईल मागून घेतला आणि फोटो मोठा करून बघत बसले. बाळकृष्ण त्यांच्या केबिनमध्ये तक्रार टाईप करत होते. दीड वाजला होता.

जांभळ्याकडे मी मुद्दाम बघितलं नाही. सगळे तिकडेच बघत होते. मी डावीकडची पहिली रांग बघितली. नुसत्या पेशी. ना पेरॉक्साईड, ना अर्क. धडधाकट, खाऊन-पिऊन सुखी.

"नचिकेत," मी म्हणाले, "पेशींना काहीच केलं नसेल, तर रंग कोणता यायला पाहिजे?"

"गडद जांभळा. सगळ्यांत गडद."

"मग ही पहिली रांग पिवळी का?"

त्याने फोटो बघितला. मग चष्मा काढला, पुसला आणि परत बघितला.

"म्हणजे मेलेल्या," तो हळूच म्हणाला. "पण पुढच्या रांगा जांभळ्या आहेत. एकाच ताटलीत, एकाच मीडियमवर, नुसत्या पेशी मेल्या आणि पेरॉक्साईड घातलेल्या जगल्या? असं कसं होईल?"

कसं होईल ते मला सुचलं होतं, आणि ते खरं निघू नये असं वाटत होतं. मी भुईआवळ्याच्या अर्काची बाटली मागितली. नवी ताटली घेतली. चार खळग्यांत नुसतं पाणी घातलं, चारांत पाणी आणि अर्क. पेशी एकीतही नाही. मग आठही खळग्यांत पिवळा रंग सोडला आणि ताटली उबेच्या कपाटात ठेवली.

पाऊण तासाने बाहेर काढली. पाण्याचे चार खळगे पिवळेच होते. अर्काचे चार जांभळे झाले होते. त्यांत एकही जीव नव्हता आणि ते प्रयोगातल्या जिवंत पेशींइतके छान दिसत होते.

नचिकेत खुर्चीत बसला. "अर्कच रंग बदलतोय."

"भुईआवळा बिचारा खोटं बोलत नाही," मी म्हणाले. "तो अँटिऑक्सिडंट आहे, आणि चांगला जोरदार आहे. म्हणूनच हे झालं. जे काम जिवंत पेशीने त्या रंगावर करायचं ते हा स्वतःच करून टाकतो. पेशी वाचली की मेली, ताटली जांभळीच. रिकामे खळगे ठेवून बघायला पाहिजे होतं. तुमच्यापैकी कोणी ठेवले नाहीत?"

"सर म्हणायचे, त्यात अर्क वाया जातो. गौतमपुऱ्याहून एवढ्या कष्टाने आणलेला. आणि मग ते मंजुषा मॅडमना द्यायला लागले..." त्याने वाक्य सोडून दिलं.

अकरा आठवडे मंजू जे सकाळ-संध्याकाळ पीत होती, त्याने एक पेशी तरी वाचते याचा या लॅबमध्ये कुठलाच पुरावा नव्हता. नुसता रंग होता.

"तन्वीने रिकामे खळगे ठेवले होते," मी म्हणाले. "ते त्या वहीत आहे. आणि तिने ते कोणाला तरी सांगितलं."

मग मी पुढचा विचार केला. कोणाला ते मला कळलं होतं.

५

बाळकृष्णांच्या केबिनचं दार मी उघडलं नाही. आधी नचिकेतसमोर हिशेब मांडला, कारण माझाच माझ्यावर विश्वास बसत नव्हता.

"रविवारची ताटली आधीच मेलेली होती. म्हणजे शनिवारी दुपारी तू मीडियम दिलंस तेव्हाच त्यात विष होतं. रविवार विसरून जा. तन्वी सुटली. ती शुक्रवारी बारापासून देवासला होती. बाटली कधी उघडली?"

"शुक्रवारी सकाळी, तन्वीने. नवी, सीलबंद. शनिवारी मीडियम देण्याआधी मी ताटली मायक्रोस्कोपखाली बघितली होती, पेशी मस्त होत्या."

"मग शुक्रवार दुपार ते शनिवार दुपार. आणि वही शनिवारी सकाळी सातच्या आधी गेलेली. तू दहाला आलास. शुक्रवारी तू आणि सर उज्जैनला. शिवाय स्वतःच्या दोन वर्षांच्या पेशी कोणी आपल्या हाताने मारत नाही. बेबीताईला बाटल्या ओळखता येत नाहीत, आणि तन्वी कोणाला वाचवायला करिअर पणाला लावेल तर बेबीताईला किंवा हरीला नाही. मग वर्षापूर्वी हरवलेल्या किल्लीने कुलूप उघडणारा कोण राहिला?"

मी जिन्यात जाऊन बेबीताईला परत विचारलं. या वेळी प्रश्न बदलून.

"शुक्रवारी आपल्यातलं कोण आलं होतं?"

"आपल्यातलं?" ती म्हणाली. "मंजुषा मॅडम आल्या होत्या ना संध्याकाळी. किती दिवसांनी आल्या, डोक्याला स्कार्फ बांधून. म्हणाल्या, जरा बसते माझ्या जुन्या जागी. मला खाली कचोरी आणायला पाठवलं. मी आणली तर निघून पण गेल्या होत्या. मॅडमजी, त्या तर घरच्याच आहेत. त्यांचं काय सांगायचं?"

राजेंद्रनगरला त्यांच्या फ्लॅटवर पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. दार मंजूनेच उघडलं. ती आणखी वाळली होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आत गेली आणि साड्यांच्या कपाटातून एक निळी वही आणि लॅबच्या कपाटाची किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली.

"तूच येशील वाटलंच होतं," ती म्हणाली. "बाकी कोणी पहिली रांग बघत नाही."

६

मी ओरडणार होते. रिक्षात मी वाक्यं जुळवली होती. पण ती पलंगावर बसली तेव्हा तिची हाडं दिसली आणि मला ओरडता आलं नाही.

"तुला माहीत होतं, अर्काचा काही पुरावा नाही?"

"गुरुवारी कळलं. तन्वी रडत आली होती, म्हणाली, मॅम, सरांना कसं सांगू? सोमवारी ती त्यांच्यासमोर जिवंत पेशींवर, वेगळ्या रंगाने, पुन्हा करून दाखवणार होती. मी म्हटलं, मी सांगते, तू गप्प राहा." मंजू पदराशी चाळा करत राहिली. "पण खरं सांगू? भरोसा तर मला आधीपासूनच नव्हता. बावीस वर्षं मी हेच तर शिकवलं ना, सुहास. भरोसा त्यांचा होता. मला तेवढा पुरत होता."

"कशाला पुरत होता?"

"परत त्या किमोच्या खुर्चीत न बसायला." तिचा आवाज अगदी शांत होता. "दुसऱ्या डोसनंतर मी बाथरूमच्या फरशीवर पडून होते. मला वाटलं, संपलं तर बरं. तुला नाही कळणार. मग ते अर्क घेऊन आले, आणि म्हणाले, किमोची जरूरत नाही. जोवर त्यांना असं वाटतंय तोवर मला कोणी ओढून नेणार नव्हतं. तू सोडून. आणि तुझ्यावर मी फोन आपटू शकत होते."

"आणि पेशी?"

"नव्या पेशी पुण्याहून येतात. दोन महिने लागतात. मला दोन महिने पाहिजे होते."

"दोन महिन्यांनी काय होणार होतं?"

विचारतानाच मला उत्तर कळलं. दोन महिन्यांनी डॉक्टरांनीच हात वर केले असते. मग कोणाला तिला कुठे न्यायचा प्रश्नच उरला नसता. तीस वर्षांत मी पुष्कळ विषं बघितली, पण कोणी वेळच विषासारखा मोजून घेतलेला बघितला नव्हता. मला तिचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"त्या पोरीचं काय?" मी म्हणाले. "चोर सोडून संन्याशाला सुळी?"

"मला वाटलं, इन्फेक्शन झालं म्हणतील. असं होतं नेहमी. तिच्यावर येईल असं नव्हतं वाटलं. आज सकाळपासून बसून राहिले आहे मी, हातात फोन घेऊन. हिंमत नाही झाली."

साडेतीन वाजले होते. मी बाळकृष्णांना फोन करून एवढंच म्हटलं की डायरेक्टरकडे जाण्याआधी घरी या. पंचवीस मिनिटांत ते आले. शर्टाच्या खिशात घडी घातलेली तक्रार होती. त्यांनी टेबलावरची वही बघितली, मंजूकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"ही इथे कशी?"

"मी आणली," मंजू म्हणाली. "विष पण मीच घातलं. आधी शेवटचं पान वाचा."

ते उभ्या उभ्याच वाचू लागले. मी त्यांचा चेहरा बघत होते. पहिल्यांदा राग होता. मग तो शिक्षकाचा, विद्यार्थ्याची चूक शोधणारा चेहरा झाला. ते पान त्यांनी दोनदा वाचलं, आकडे पुटपुटले, मागचं पान उलटून परत पुढे आले. चूक सापडली नाही. मग ते खाली बसले.

"मी तुला थांबवलं," ते मंजूला म्हणाले. "मी म्हटलं, नको जाऊस."

"मला तेच ऐकायचं होतं. तुमची एकट्याची गलती नाही."

मग बाळकृष्णांनी पेन काढलं. विद्यार्थ्याच्या वहीचं प्रत्येक पान मार्गदर्शकाने तपासून खाली सही करायची असते. त्यांनी तन्वीच्या त्या पानाखाली 'तपासले, बरोबर आहे' असं लिहिलं, तारीख घातली आणि सही केली. खिशातली तक्रार काढून तिचे दोन तुकडे केले. तन्वीला फोन लावला आणि माफी मागितली; ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मग ते उठून फ्रिजपाशी गेले, अर्काच्या सहा बाटल्या एकामागून एक मोरीत ओतल्या आणि नळ सोडून दिला.

"उद्या किती वाजता जायचं?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

मंजूने भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार, आणि मग आमच्यापैकी कोणाच्याच हातात काही नाही.

"दवाखान्यात पर्ची सातला मिळते," ती म्हणाली. "सुहासला सांगा सोबत यायला. तुम्हाला बघवणार नाही."

मंगळवारी सकाळी सातला आम्ही रांगेत होतो. डॉक्टरांनी तपासलं, जुने कागद काढले आणि गाठीवर बोटं ठेवून नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. आधी नवा स्कॅन करू, मग पुढचं ठरवू, एवढंच ते म्हणाले. स्कॅनच्या खोलीबाहेर बाकावर मंजूने माझा हात धरला.

"सुहास, उशीर झाला का गं?"

आयुष्यभर मी पुराव्याशिवाय एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी खोटं बोलावंसं फार वाटलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

आतून तिचं नाव पुकारलं. ती उठली, स्कार्फ सारखा केला आणि माझा हात न सोडता दारापर्यंत गेली.